मला कॉफी आवडते : 'यो गुस्तो' का नाही?

प्रश्न असा आहे : स्पॅनिशमध्ये 'यो' म्हणजे 'मी' आणि 'गुस्तार' म्हणजे 'आवडणे', तर 'यो गुस्तो काफे' चूक का? आणि गुस्तारला 'उलटं क्रियापद' का म्हणतात?

उलटं ते इंग्रजीतून पाहणाऱ्याला. इंग्रजीत आवडणाऱ्या गोष्टीवर माणूस क्रिया करतो. मराठीत आपण 'मी कॉफी आवडतो' म्हणतच नाही. मला आंबा आवडतो, चिंच आवडते, पेरू आवडतात. क्रियापद फळाच्या मागे जातं आणि मी 'ला' लावून बाजूला उभा असतो. स्पॅनिशमध्येही हेच घडतं : 'मे गुस्ता एल मांगो', अनेक आंबे असतील तर 'मे गुस्तान लोस मांगोस'. इथे आपल्याला लिंगही सांभाळावं लागतं, त्यांना फक्त वचन आणि पुरुष.

दोन क्रिया आवडत असल्या तरी मराठीत 'मला गायला आणि नाचायला आवडतं' असं एकवचनच येतं. स्पॅनिशमध्येही 'मे गुस्ता कान्तार इ बाइलार', तिथे 'गुस्तान' नाही. कुणी 'मला चहा आवडतो' म्हटलं की आपण 'मीही' नव्हे, 'मलाही' म्हणतो. तसंच 'आ मी ताम्बिएन' म्हणायचं, 'यो ताम्बिएन' नाही. नकारी वाक्याला 'मलाही नाही' या अर्थी 'आ मी ताम्पोको'. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात. आपण उगाच त्या वळणाने कशाला जायचं?

मराठी माणूस घसरतो ते दुसरीकडे. पहिली जागा उपपदाची, म्हणजे नामाआधी येणाऱ्या, इंग्रजी 'द'सारख्या शब्दाची. आपल्याकडे ते नसल्यामुळे 'मे गुस्ता काफे' सहज तोंडातून जातं, पण 'एल काफे' हवं. दुसरी जागा 'ले'ची. 'मीराला चहा आवडतो' याचं स्पॅनिश 'आ मीरा ले गुस्ता एल ते', म्हणजे शब्दशः 'मीराला तिला चहा आवडतो'. हा 'ले' आपल्याला फालतू वाटतो, पण तो गाळता येत नाही. गाळता येतं ते 'आ मीरा', कुणाबद्दल बोलणं चाललंय हे ठाऊक असेल तर. 'आ मी मे गुस्ता' मधलं 'आ मी' आपल्या 'मला तर'सारखं जोर द्यायला येतं.

दुखण्याचं पाहा. आपण 'माझं डोकं दुखतं' म्हणतो, ते 'मे दुएले ला काबेसा', म्हणजे 'मला डोकं दुखतं' म्हणतात. इथे 'माझं' लावायचा मोह आवरावा.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र वेगळाच आहे. मराठीचा 'मला' स्पॅनिशपेक्षा फार दूरवर पसरलेला आहे. मला माहीत आहे, मला हवं आहे, मला आठवतं : तिन्ही ठिकाणी स्पॅनिशमध्ये सरळ कर्ता येतो. 'से', 'किएरो', 'रेकुएर्दो'. 'माहीत असणे' म्हणजे 'साबेर' म्हणून 'मे साबे' म्हणालात, तर ऐकणारा चवीबद्दल काही ऐकायची वाट पाहील, कारण त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ 'चव लागणे' असा आहे. 'मला झुरळांचा तिटकारा आहे' हेही 'ओदियो लास कुकाराचास'. आवडीला 'मला' आणि द्वेषाला 'मी', अशी त्यांची वाटणी.

भीती, लाज, राग यांची गंमत आणखी निराळी. 'भीती वाटते'साठी 'तेंगो मिएदो' चालतं, म्हणजे भीती 'बाळगतात'. किंवा 'मे दा मिएदो', म्हणजे ती गोष्ट मला भीती 'देते'. दुसऱ्या रचनेत 'मला' आहे म्हणून मराठी माणूस निर्धास्त होतो आणि फसतो. 'मला कोळ्यांची भीती वाटते' यात क्रियापद भीतीप्रमाणे चालतं. 'मे दान मिएदो लास आरान्यास' मध्ये ते कोळ्यांप्रमाणे अनेकवचनी होतं.

'एन्कान्तार' म्हणजे मुळातच 'खूप आवडणे', तेव्हा त्याला 'मुचो' (खूप) जोडू नका. 'मुचो' गुस्तारबरोबर खुशाल वापरा. आणि माणसांबद्दल बोलताना जरा जपून. 'मे गुस्तास' म्हणजे 'तू मला आवडतेस', अगदी मराठीतल्यासारखंच, मनात जे येतं त्याच अर्थाने. वर्गातली मैत्रीण नुसती चांगली वाटत असेल तर 'मे काएस बिएन' म्हणा.