गावच्या समाजभवनात वागण्याचे नियम कसे ठरवावेत आणि ते पाळायला कोणी लावावेत?

आपला प्रश्न मी असा समजलो: तीन वर्षांपूर्वी आपल्या गावात आमदार निधीतून समाजभवन उभे राहिले आणि दाराशी नियमांचा फलकही लागला. तरी भिंती खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या थुंकीने रंगल्या आहेत, दुपारी ओसरीवर पत्त्यांचे डाव बसतात, लग्नाच्या रात्री डी.जे. थांबत नाही आणि पोलीस भरतीचा अभ्यास करणारी मुले तेथे यायची बंद झाली आहेत. हटकावे तर नियम मोडणारा कोणा ना कोणा सदस्याचा नातलग निघतो. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी नऊ वर्षे समाजभवन समितीचे काम पाहिले. यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट मी अनुभवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण ज्या फलकाचा उल्लेख केला आहे, तसाच फलक आम्हीही लावला होता. आम्ही चौघांनी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसून एका दुपारी एकवीस नियम लिहिले आणि पेंटरकडून रंगवून घेतले. स्वच्छता राखावी, सभ्य वर्तन ठेवावे, गोंगाट करू नये, अशी ती वाक्ये होती. पुढे लक्षात आले की ज्याला गोंगाट म्हणायचे ते वरातीतल्या माणसाला गोंगाट वाटतच नाही, आणि ‘सभ्य वर्तन’ या शब्दांवर कोणालाही काहीही सिद्ध करता येत नाही. नियम असा हवा की तो मोडला की नाही, यावर दोन माणसांत वाद होऊ नये. ‘स्वच्छता राखावी’ याऐवजी आम्ही नंतर असे लिहिले: ‘कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत सभागृह झाडून, पत्रावळी उचलून आणि गंज (स्वयंपाकाची मोठी पातेली) घासून किल्ली परत द्यावी.’ आज आमचे एकूण सहा नियम आहेत आणि ते शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

त्यातला सर्वांत उपयोगी पडलेला नियम सर्वांत साधा आहे: चपला पायरीखाली काढाव्यात. तो सुचला तो सामुदायिक प्रार्थनेवरून. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम आमच्या भागाला जवळचा, त्यामुळे गावोगावी संध्याकाळची प्रार्थना चालते. जो माणूस दुपारी समाजभवनाच्या कोपऱ्यात थुंकतो, तोच संध्याकाळी प्रार्थनेला वेळेवर येतो, रांगेत मांडी घालून बसतो आणि खर्ऱ्याची पन्नी खिशातून बाहेरही काढत नाही. तेथे कोणताही फलक नाही. जमीन झाडलेली असते, चपला बाहेर असतात आणि बसण्याची जागा ठरलेली असते, एवढे त्याला पुरते. आम्ही एका रविवारी भिंती खरवडून घेतल्या, कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा चुना दिला, सतरंज्या धुतल्या आणि त्या दिवसापासून चपला बाहेर ठेवायला सांगितले. अनवाणी पायाने ज्या फरशीवर चालायचे, त्या फरशीवर थुंकायला माणूस कचरतो. थुंकणे पूर्ण थांबायला वर्ष गेले, परंतु पहिल्या महिन्यातच फरक डोळ्यांना दिसला.

आता नियम कोणी करावेत, याविषयी. ते समितीने करून गावाला ऐकवू नयेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातच आहे, आणि समाजभवनाचा विषय आधी तेथेच मांडावा, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडे त्या सभेत बायकांनी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आम्हा पुरुषांच्या मनातही आल्या नव्हत्या. बचत गटाची बैठक असते त्या वेळी पायऱ्यांवर माणसे बसून राहतात, त्यामुळे आत जाताना अवघडल्यासारखे होते, आणि मागच्या संडासाकडे दिवा नाही. पहिलीवरून नियम झाला, दुसरीसाठी दिवा लावावा लागला. प्रत्येक अडचणीला नियम हे उत्तर नसते. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची सभा ठेवू नका, कारण ज्या मजूर कुटुंबांना या सभागृहाची खरी गरज आहे तीच तेव्हा शेतात असतात. आम्ही रात्री आठनंतर प्रत्येक वस्तीत वेगळे बसलो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा लेखा या गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेते, हे आपल्या वाचनात आले असेल. आम्हाला प्रत्येक गोष्टीत ते साधले नाही, तरी कापसाच्या नियमाला ते साधले. ‘दोन दिवसांकरिता’ म्हणून एका मोठ्या शेतकऱ्याने सभागृहात टाकलेला कापूस दीड महिना पडून होता आणि त्यामुळे एका घरची तेरवी रस्त्यावर मंडप टाकून करावी लागली होती. ती गोष्ट त्या घरच्या मोठ्या सुनेने सभेत उभे राहून सांगितली. त्यानंतर कोणाचाही शेतमाल एक रात्रही आत ठेवायचा नाही, यावर एकही हात विरोधात गेला नाही, त्या शेतकऱ्याचाही नाही.

अंमलबजावणी मात्र सभेत होत नाही आणि फलकाजवळही होत नाही. ती किल्ली देताना आणि परत घेताना होते. आमची नोंदवही साधी दोनशे पानी आहे. किल्ली घेणाऱ्यासोबत समितीचा एक माणूस सभागृहाला फेरी मारतो, खुर्च्या, सतरंज्या, गंज आणि कढया मोजतो, पंखे चालू करून पाहतो, चारही भिंतींचे मोबाइलवर फोटो काढतो आणि मग त्या पानावर दोघांच्या सह्या होतात. परत घेताना तीच फेरी उलट. या दहा मिनिटांत जेवढी शिस्त लागते, तेवढी वर्षभर ओरडून लागत नाही. भाडे आणि अनामत किती, हे ग्रामपंचायतीने ठराव करून निश्चित करावे आणि प्रत्येक रुपयाला नमुना 7 ची सामान्य पावती फाडावी. अनामतीतून कशासाठी किती कापले जाईल, हे किल्लीच्या अर्जावरच छापलेले असावे, म्हणजे नंतर कोणाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. आमची अनामत दोन हजार आहे. ज्यांना ती एकरकमी भरणे जड जाते, त्यांच्यासाठी गावातील एका माणसाची जामीन म्हणून सही चालते, कारण अनामतीच्या भीतीने एखाद्या गरिबाने मुलीचे लग्न सभागृहाबाहेर करावे, हे मला कधीच पटले नसते.

आता आपल्या खऱ्या दुखण्याकडे येतो. नियम मोडणारा नातलग असेल तर काय करावे? नियम लागू झाल्यावर पहिले मोठे लग्न माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या मुलीचे होते. अंगणातला डी.जे. रात्री साडेअकरापर्यंत वाजला. मी दोनदा जाऊन सांगितले, दोन्ही वेळा मला हाताला धरून जेवायला बसवले गेले. दुसऱ्या दिवशी तो अनामत घ्यायला आला तेव्हा मी वही उघडली, त्याची स्वतःची सही दाखवली आणि एक हजार रुपये कापून उरलेले एक हजार पावतीसह त्याच्या हातात ठेवले. तो काही बोलला नाही, नोटा न मोजताच उठून गेला, आणि पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. ते तीन महिने मला फार जड गेले. परंतु त्यानंतर सभागृहात झालेल्या पुढच्याच लग्नात वरपक्षाने पावणेदहाला स्वतःहून वाजंत्री थांबवली. ज्याच्या हातात वही आहे त्याच्या घरचे पैसे कापले गेलेले गावाने पाहिले पाहिजेत. ते होईपर्यंत नियम कागदावरच असतो. म्हणून आपल्याकडे पहिला प्रसंग सदस्याच्या नातलगाचाच आला, तर ती अडचण समजू नका. तीच खरी संधी आहे.

आवाजाबाबत कायदाही माहीत असू द्या. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सभागृहासारख्या बंद जागेत आतल्या आत बोलण्यापुरती सूट आहे, आणि लोक नेमके तेच पुढे करतात. परंतु ती सूट अंगणातल्या डी.जे.ला लागू होत नाही. त्याचप्रमाणे जी गोष्ट मुळातच गुन्हा आहे ती समितीने आपल्या नियमांत ओढून घेऊ नये. आमच्या जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, तेव्हा दारू आढळली तर आम्ही अनामत कापत बसत नाही, पोलीस पाटलांना कळवतो. पैसे लावून जुगार चालत असेल तर तेही तसेच. पण बिनपैशाचे पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना हुसकावून लावू नका. त्यांना जायला दुसरी जागा नाही. आम्ही कडुनिंबाखाली सिमेंटचे दोन बाक केले, सावली पडते तसे ते आपोआप तिकडे सरकले आणि ओसरी मुलांना मोकळी झाली.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो, ती आपण करू नये. अभ्यासिकेतील एका सोळा वर्षांच्या मुलाने पंख्याची पाती वाकवली. आमच्यातल्या एकाने त्याचे नाव ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारले आणि मी ते थांबवले नाही. मुलगा यायचा बंद झाला. पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई चुलीपुढून उठली नाही, एवढेच म्हणाली, ‘भाऊ, पंखा दुरुस्त झाला ना?’ त्या दिवसापासून आमचा क्रम ठरला. पहिल्या वेळी एकट्याला बाजूला घेऊन सांगायचे. दुसऱ्या वेळी घरच्यांसमोर बोलायचे आणि वहीत नोंद करायची. तिसऱ्या वेळी नुकसान भरून घ्यायचे किंवा ठरावीक दिवस किल्ली द्यायची नाही. सामाईक जंगल, पाणी, कुरणे सांभाळणाऱ्या गावांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांत शिक्षा अशी पायरीपायरीनेच वाढत जाते, असे त्यांनी दाखवले, हे मला फार नंतर वाचायला मिळाले. शिक्षेला मुदत मात्र हवीच. एखाद्या कुटुंबाला कायमची बंदी घालणे, त्यांच्या कार्याला कोणी जाऊ नये असे सांगणे, हे कितीही राग आला तरी करू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जातीवरून कोणाला दार बंद झाले तर प्रकरण त्याहून गंभीर होते. सभागृह सर्वांच्या पैशातून उभे आहे, ते सर्वांना सारख्याच अटींवर मिळाले पाहिजे.

आपण येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरुवात करू शकाल. त्याआधी महिलांची सभा घ्या, जुना फलक उतरवा आणि एखाद्या रविवारी त्याच मुलांना सोबत घेऊन भिंतींना चुना द्या, जी आता येत नाहीत. किल्ली शक्यतो सदस्याकडे ठेवू नका. आमच्याकडे ती गेली चार वर्षे बचत गटाच्या अध्यक्षांकडे आहे. अभ्यासिकेचा दिवा रात्री दहाला त्या स्वतः बंद करतात, आणि कोणी अजून अर्धा तास मागितला तर वहीत नाव लिहून तो देतात.