आपण कलमाची फांदी आहोत

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत देण्यासारखं नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय. तू म्हणतेस तुमच्या युथ ग्रुपमधे एक जण सांगतो की आता मंडळी, म्हणजे चर्च, हेच खरं इस्राएल, जुन्या इस्राएलचा विषय देवाने बंद केला, आणि दुसरा रोज युद्धाचे व्हिडिओ टाकतो, सोबत बाणबीण काढलेले चार्ट, अमुक साली हे होणार मग ते होणार. आणि तू मधे अडकलीयेस, विचारतेस की मावशी, शेवटच्या दिवसांत इस्राएलचं पुनःस्थापन होणार तर त्यात मंडळीने नक्की करायचं काय.

आधी एक काम कर. रोमकरांस पत्राचे नऊ, दहा आणि अकरा हे तीन अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाच. तुकडे तुकडे नको, आपल्याकडे संदेशात एक वचन इथलं एक तिथलं घेतात त्याने या भागाचं फार नुकसान झालंय. नवव्याच्या सुरवातीला हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल रडतोय, म्हणतो माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल, आणि अकराव्याच्या शेवटी तोच माणूस देवाच्या ज्ञानाची स्तुती करत थांबतो. ते रडणं सोडून नुसतं भविष्य काढायला गेलं की चार्ट हातात येतो, पौल नाही येत.

आता अकराव्यातलं जैतुनाचं झाड. तू कोकणातली आहेस, तुला हे शहरातल्या पाळकापेक्षा लवकर कळेल. आपल्याकडे कोयकलम कसं करतात आठव. रायवळची कोय रुजत घालायची, कोवळं तांबूस रोप वर आलं की शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. मूळ रानटी, फांदी चांगली, म्हणून फळ चांगलं. पौल बरोबर उलटं सांगतो. मूळ चांगलं, लागवडीचं, अब्राहाम इसहाक याकोबाचं, आणि त्यावर बांधलेली काडी रानजैतुनाची, म्हणजे तू आणि मी. चोविसाव्या वचनात तो स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. माझे वडील वाडीत कलमं बांधायचे, ते म्हणायचे असं कलम कुठलाही माळी बांधणार नाही, देवानेच बांधावं. आणि मग पौल बजावतो, मोडलेल्या फांद्यांपुढे बढाई मारू नकोस, तू मुळाला धरलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय. आणि ज्या मोडल्या त्या परत त्यांच्याच झाडाला लावणं देवाला किती सोपं. एवढं वाचल्यावर तुझ्या त्या मित्राला सांग की "देवाची कृपादानं आणि पाचारण अपरिवर्तनीय आहेत" हे एकोणतिसाव्या वचनात इस्राएलबद्दलच लिहिलंय. आपण ते लग्नाच्या आशीर्वादाला वापरतो, नोकरीला वापरतो, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच वगळतो.

मला हे कधी कळलं सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कुटुंब होतं, तुला माहितीये अलिबागला इस्राएल आळी आहे आणि हे लोक शेकडो वर्षं इथले, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात बाया सात पुरुष वाचले अशी त्यांच्यात आठवण सांगतात. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मराठी आपल्यासारखीच, आडनावं गावावरून, साडी नऊवारी. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे. मी त्या काकूंच्या ओटीवरच वाढले म्हण ना, नवसाचा मलिदा केला की पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची असा वास दोन घरं पलीकडे यायचा आणि माझी वाटी पहिली.

एका गुड फ्रायडेला आमच्याकडे बाहेरून आलेल्या उपदेशकांनी फार जोरात सांगितलं की यहूद्यांनी आपल्या प्रभूला मारलं. घरी येताना मी काकूंच्या ओटीवर गेले आणि जसं ऐकलं तसं विचारलं, काकू तुम्ही आमच्या येशूला का मारलंत. त्या खोबरं खवत होत्या. हात खवणीवर तसाच थांबला. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि मला म्हणाल्या, जा घरी, आई वाट बघत असेल. रागावल्या नाहीत. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मलिद्याची वाटी आईच्या हाती यायला लागली, माझ्या नाही. पुढे ते कुटुंब इस्राएलला गेलं. दाराच्या चौकटीला उजवीकडे मझूझा, म्हणजे आत शास्त्रवचनं ठेवलेली छोटी डबी, लावलेली असायची ती त्यांनी नीट काढून नेली, आणि तिथे दोन खिळ्यांची भोकं आणि बोटभर लांबीचा न रंगवलेला पट्टा राहिला. नवीन भाडेकरूंनी रंग दिला तरी तो दिसायचा. मी कॉलेजला जाईपर्यंत तो पट्टा बघितलाय आणि दर वेळी माझा प्रश्न आठवलाय.

म्हणून मंडळीचं पहिलं काम मी पश्चात्ताप म्हणते. तुला वाटेल हे काय शेवटच्या दिवसांचं काम झालं. पण पौल अकराव्या वचनात म्हणतो की परराष्ट्रीयांचं तारण झालं ते इस्राएलला ईर्ष्या वाटावी म्हणून, म्हणजे आपल्याकडे बघून त्यांना वाटावं की आपला देव यांच्या घरात इतका कसा रमलाय. आणि आपण काय दाखवलं? गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसवलं आणि ते मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्यात हिंदूंचा छळ झाला हे आपल्याला माहीत असतं, पण सुरवातीला मोठा रोख होता बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यू घराण्यांवर. गार्सिया द ओर्ता हा गोव्यातला नामांकित वैद्य, आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू. तो १५६८ ला वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जिवंत जाळलं, आणि १५८० मधे त्याची हाडं उकरून जाळली. हाडं! हे क्रूस हातात घेऊन केलं गं. युरोपात तर शतकानुशतकं हेच, प्रॉटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरसारख्या माणसाने १५४३ मधे ज्यूंबद्दल जे लिहिलं ते आज वाचवत नाही, ज्याने मला रोमकरांस पत्र वाचायला शिकवलं म्हणावं त्याच्याच लेखणीतून आलेलं. ज्या फांदीने मुळावरच कुऱ्हाड घातली तिला बघून कुणाला ईर्ष्या वाटेल.

पण सगळंच तसं नाही, आणि हेही आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ ला मुंबईला आले, विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं ते. बेने इस्राएल लोकांकडे तेव्हा शब्बाथ होता, सुंता होती, सण होते, शेमा ही त्यांची मुख्य प्रार्थना तोंडपाठ होती, पण पवित्र शास्त्र हातात नव्हतं आणि हिब्रू येणारे फार थोडे. कोचीनचे ज्यू शिक्षक येऊन शिकवत होते, आणि मिशनच्या शाळांतूनही त्यांची मुलं शिकली, काही जण तिथेच शिक्षक झाले. विल्सननी १८३२ मधे त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण तयार केलं. जुना करार मराठीत आला तो त्यांनी वाचला. मिशनरींची इच्छा अर्थातच होती की त्यांनी ख्रिस्ताला मानावं, ते फार थोड्यांनी मानलं. पण मंडळीच्या हातून त्यांना त्यांचेच संदेष्टे त्यांच्याच मायबोलीत परत मिळाले. ज्यांनी शिकवलं त्यांना वाटलं असेल आपलं काम फसलं. मला नाही वाटत फसलं. एकतिसाव्या वचनात पौल म्हणतो की तुमच्यावर झालेल्या दयेमुळे त्यांच्यावरही दया व्हावी, आणि दया अशीच पोचते, व्याकरणाच्या पुस्तकातून, शाळेच्या बाकावरून.

आता चार्टचं. यहेज्केल छत्तीस सदतीस वाच. आधी देव त्यांना राष्ट्रांतून गोळा करतो, देशात आणतो, मग शुद्ध पाणी शिंपडतो आणि नवं हृदय देतो. हाडं आधी जुळतात, स्नायू चढतात, कातडी येते, आणि श्वास नंतर येतो. १४ मे १९४८ ला इस्राएल राष्ट्र जाहीर झालं ते मी हाडं जुळणं मानते, आपल्या काकूंसारखे हजारो मराठी बोलणारे त्यात गेले, तिथे काही रब्बी त्यांना पुरते ज्यू मानेनात तेव्हा ते उपोषणाला बसले आणि शेवटी १९६४ मधे तिथल्या सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं, एवढं सोसून गेले. पण श्वास घालणं देवाकडे आहे. शिष्यांनी विचारलंच होतं ना, प्रभू, याच काळात इस्राएलचं राज्य परत देणार का, आणि येशूने इस्राएलला राज्य मिळणारच नाही असं म्हटलं नाही, म्हणाला काळ आणि समय पित्याच्या हातात, तुम्ही साक्षी व्हा. या उत्तराचे दोन्ही भाग धर. तुझा एक मित्र पहिला भाग सोडतो, दुसरा मित्र दुसरा.

विल्यम हेक्लर नावाचे अँग्लिकन पाळक व्हिएन्नात होते, १८९६ च्या मार्चमधे ते आपणहून ज्यू राष्ट्राची चळवळ उभारणाऱ्या थिओडोर हर्झलच्या दारात गेले. त्यांनीही भविष्यवाणीतून वर्षांचा हिशेब मांडला होता. पण हिशेब मांडून ते घरी बसले नाहीत, बाडेनच्या ग्रँड ड्यूककडे हर्झलची ओळख करून दिली, दारं उघडून दिली. त्यांच्या आकड्यांचं मला काही घेणं नाही. एका एकट्या पडलेल्या ज्यू माणसाच्या सोबत ते उभे राहिले हे मात्र मी विसरत नाही.

आणि प्रार्थना. यशया बासष्टमधे यरुशलेमच्या तटावर पहारेकरी नेमलेत, स्वतः विसावा घेऊ नका आणि देवालाही घेऊ देऊ नका. हॉलंडमधे हार्लेम गावात टेन बूम कुटुंबाचं घड्याळाचं दुकान होतं, तिथे १८४४ मधे आजोबांनी यरुशलेमच्या शांतीसाठी दर आठवड्याची प्रार्थना सुरू केली. बरोबर शंभर वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४४ ला, ज्यूंना लपवलं म्हणून त्याच घरातून नातवंडांना आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना नाझींनी पकडून नेलं. वडील दहा दिवसांत कैदेत वारले, मुलगी बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छावणीत वारली, तिची बहीण कोरी वाचली. इस्राएलसाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळीने एक खोली रिकामी ठेवायची असते हे मी त्यांच्याकडून शिकले.

तू विचारलंस चर्चमधे इस्राएलचा झेंडा लावायचा का. माझं मत विचारशील तर, नको. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्राएलमधे सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, त्या रात्री मी झोपले नाही. त्याच महिन्यात गाझातल्या सेंट पॉर्फिरियस चर्चच्या आवारात आसरा घेतलेले ख्रिस्ती लोक इस्राएलच्या हवाई हल्ल्यात मेले, तेव्हाही झोपले नाही. बेथलेहेममधे, नासरेथमधे आपले अरब भाऊबहीण आहेत, तेही त्याच झाडाच्या फांद्या. देवाचं वचन इस्राएलवर आहे म्हणून तिथल्या सरकारचं प्रत्येक काम बरोबर असं कुठल्याच संदेष्ट्याने म्हटलं नाही, यिर्मयाने तर स्वतःच्या राजांना तोंडावर सुनावलं. प्रेम करणाऱ्याला दोन्हीकडचं रडू येतं, त्याला घाबरू नकोस.

पैशाबद्दल थोडंच. इस्राएलच्या नावाने द्या म्हणजे तुम्हाला दुप्पट मिळेल असं कुणी सांगितलं तर तिथून उठून ये. रोमकरांस पंधराव्या अध्यायात मासेदोनिया आणि अखयाच्या मंडळ्यांनी यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांना पैसे पाठवले, पौल त्याला ऋण म्हणतो. ऋण फेडताना कोणी व्याज मागत नाही.

आणि येशूचं नाव लपवू नकोस हेही सांगते, कारण हल्ली काही जण म्हणतात ज्यूंना सुवार्ता नकोच. दहाव्याच्या पहिल्याच वचनात पौलाची मनापासूनची इच्छा त्यांच्या तारणाची आहे. फक्त आधी ऐकून घे, ओटीवर बसून ऐक, मी जसं विचारलं तसं विचारू नकोस. पंडिता रमाबाई केडगावला म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत बसल्या, त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुली छपाईचे खिळे जुळवायच्या, १९२२ मधे मरेपर्यंत तेच काम. मोशे आणि यशया ज्या भाषेत बोलले ती शिकायला त्यांना उतारवयही आड आलं नाही. तुला तर अ‍ॅपवर आलेफ बेथ, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, शिकता येतील. शिक, एवढा मान ठेव.

काकूंच्या मुलीचा नंबर मला मागच्या वर्षी मिळाला. मी व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं, खवणी, वाटी, सगळं, आणि माफी मागितली. ती मराठीतच बोलली, जरा जुनी, आपल्या आळीतली मराठी. म्हणाली आईने कधी घरात हे काढलं नाही. थोडा वेळ दोघी गप्पच होतो. मग तिने विचारलं आमच्या दारावर आता काय रंग आहे. मी फोन घेऊन तिथपर्यंत चालत गेले आणि चौकट दाखवली.

मे महिन्यात सुट्टीला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ. पावसाच्या तोंडावर कोयी रुजत घालते, पहिली कलमं तुझ्या हातून बांधून घेईन, मग अकरावा अध्याय तिथेच वाडीत बसून वाचू.

तुझी
मावशी