आधी पाय, मग दंड

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : मंचावरची पोझिंग

डिसेंबर उजाडला की शरीरसौष्ठवाच्या 'श्री' स्पर्धांचे फलक नाक्यानाक्यावर लागतात आणि आमच्याकडच्या पत्रांत डाएटची जागा पोझिंग घेते. ही पत्रं खरं तर सप्टेंबरात यायला हवीत.

प्रश्न : मार्चमध्ये पहिली जिल्हास्तरीय स्पर्धा आहे, 12 आठवडे हातात आहेत. 'शरीर आलं की पोझ आपोआप येते,' असं व्यायामशाळेतले दादा म्हणतात. वेगळा सराव लागतोच का? – एक वाचक, कराड

लागतो. वजन मारताना स्नायू आकसतो आणि सुटतो. पोझमध्ये तो आकसलेलाच धरून ठेवायचा, तोही एकटा नाही, पोटरीपासून मानेपर्यंत सगळे एकदम. दंडाचा व्यायाम करताना मांडी कुणी आवळत नाही, म्हणून ही सवय वजनातून येत नाही.

शरीरसौष्ठवाच्या सक्तीच्या पोझ सात : फ्रंट डबल बायसेप्स (समोरून दोन्ही दंड), फ्रंट लॅट स्प्रेड (समोरून लॅट्स, म्हणजे पाठीच्या दोन बाजूंचे रुंद स्नायू), साइड चेस्ट (बाजूने छाती), बॅक डबल बायसेप्स (मागून दोन्ही दंड), बॅक लॅट स्प्रेड (मागून लॅट्स), साइड ट्रायसेप्स (बाजूने दंडाची मागची बाजू) आणि ॲब्डॉमिनल अँड थाय (पोट आणि मांडी). पहिले चार आठवडे व्यायाम झाल्यावर रोज 10-15 मिनिटं द्या. एकेक पोझ 10 सेकंद धरा, सोडा, परत धरा. पुढचे चार आठवडे तीच पोझ 20 सेकंदांवर न्या, म्हणजे रोजची 20-25 मिनिटं होतात. शेवटच्या चार आठवड्यांत सातही पोझ सलग, अशा तीन फेऱ्या मारा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये चार क्वार्टर टर्न (दर वेळी पाव वळण) घ्या. स्पर्धेआधीचे दोन दिवस फक्त हलकी उजळणी, कारण थकलेल्या पोटरीत गोळा लवकर येतो.

आरसा पहिले तीन-चार आठवडे पुरे. आरशात बघायला मान वळते आणि मागून घ्यायच्या पोझ तिथेच बिघडतात. नंतर मोबाइल कंबरेच्या उंचीला लावून 4-5 मीटरवरून चित्रण करा. पंच मंचाच्या खाली बसतात, त्यांना तुम्ही साधारण असेच दिसता. पोझची नावं मित्राला पुकारायला लावा, तीही उलटसुलट क्रमाने. पाठ केलेला क्रम लाइनअपमध्ये, म्हणजे सगळे स्पर्धक रांगेत उभे असताना, घात करतो.

प्रश्न : माझा दंड मित्रापेक्षा दीड इंच मोठा आहे, पण फ्रंट डबल बायसेप्सच्या फोटोत मित्रच रुंद दिसतो. चूक कुठे होते? – एक वाचक, भांडुप

फोटो न बघताही सांगता येईल : तुम्ही कोपरं मागे खेचत असणार. कोपर मागे गेलं की खवाटे एकमेकांजवळ येतात, लॅट्स मिटतात आणि धडाचा व्ही आकार जातो. दंड मोठा दिसतो, माणूस अरुंद दिसतो.

ही पोझ खालून वर बांधा. एक पाय किंचित पुढे आणि बाहेर टाका, चवडा बाहेर वळवा. दोन्ही टाचांनी जमीन दोन बाजूंना फाडायची आहे अशा जोराने दाबा, मांडीच्या रेषा तिथूनच उठतात. मग नितंब आवळा आणि पोट आत घ्या. त्यानंतर बरगड्या वर. हात अजून खालीच आहेत, हे विसरू नका. आता लॅट्स बाहेर ढकला आणि त्या तशाच ठेवून कोपरं उचला. दंड जमिनीला समांतर किंवा केसभर वर, कोपरं धडाच्या रेषेच्या थोडी पुढे. शेवटी मूठ वळवा, करंगळीची बाजू स्वतःकडे आणत. बायसेप्सचं एक काम हात पिळण्याचं आहे, त्यामुळे हा पीळ दिल्याशिवाय त्याचा उंचवटा पुरता उठत नाही. कोपराचा कोन काटकोनापेक्षा थोडा मिटलेला असावा. फार मिटला तर दंड आणि पुढचा हात एकमेकांवर दाबले जाऊन उंचवटा लपतो. फार उघडला तर तो सपाट होतो.

दुसरा दोष खांदे कानाकडे चढण्याचा. मान गायब होते आणि रुंदी पुन्हा घटते. उपाय भिंतीपाशी आहे. भिंतीला पाठ लावून पोझ घ्या. कोपर आणि भिंत यांत चार बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. मग डोळे मिटून तीच पोझ घ्या आणि उघडून तपासा. दहापैकी आठ वेळा जुळली तर पुढच्या पोझकडे वळा, नाहीतर त्याच पोझवर अजून एक आठवडा.

बॅक लॅट स्प्रेडलाही हाच न्याय. एक पाय मागे चवड्यावर, पोटरी आवळलेली, अंगठे कंबरेला. आधी खवाटे जवळ आणा आणि मग कोपरं पुढे नेत हळूहळू उघडा. हे उघडणं पंचांना दिसू द्या. धड किंचित मागे झुकवा, कारण ते खालून बघत असतात. पंच दुसरी पोटरीही मागू शकतात, म्हणून सराव दोन्ही पायांवर. फ्रंट लॅट स्प्रेडमध्ये मांडीचा आतला भाग दाखवायला ट्रंक (पोझिंगची चड्डी) वर ओढायची सवय अनेकांना असते. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला साफ मनाई आहे.

प्रश्न : साइड चेस्ट धरली की काही सेकंदांतच हात थरथरतो, तोंड लाल होतं, एकदा घेरीही आली. दमसास वाढवायला धावू का? – एक वाचक, इचलकरंजी

धावणं राहू द्या, श्वास सोडा. पोट आवळून श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. साइड चेस्टमध्ये छाती फुगवायला श्वास घ्यावाच लागतो, पण तो पोझ बसताना. बसल्यावर नाकाने छोटे छोटे श्वास वरच्या छातीतच चालू ठेवा. ॲब्डॉमिनल अँड थायला मात्र उलट : श्वास पूर्ण सोडत पोट आवळायचं.

थरथर बहुतेकदा शंभर टक्के जोर लावल्याने येते. सत्तर-ऐंशी टक्क्यांवर पोझ तशीच दिसते आणि तिप्पट वेळ टिकते. दात आवळू नका, ताण जबड्यातून मानेत उतरतो. पंचांकडचा पाय गुडघ्यात वाकवून चवड्यावर ठेवला आहे ना, हेही बघा. तो सैल राहिला तर तोल जातो आणि थरथर वाढते.

घेरीबद्दल एक गोष्ट स्पष्ट विचारतो : पाणी आणि मीठ तोडलंय का? लघवीच्या गोळ्या घेतल्यात का? असतील तर आज बंद करा आणि डॉक्टर गाठा. शरीरातलं पाणी आणि क्षार ढळले की पोटरीत वांब येते, तशीच ती हृदयाच्या लयीवरही येऊ शकते. मोहम्मद बेनाझिझा हा जागतिक दर्जाचा व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू 1992 साली स्पर्धा संपल्यावर काही तासांतच गेला.

प्रश्न : बॉडीबिल्डिंगमधून मेन्स फिजिक या गटात आलो. अंग जास्त भरीव असूनही मागे पडलो. – एक वाचक, नाशिक

भरीव असल्यामुळेच नसेल, पण तुम्ही ते आवळून दाखवलंत म्हणून नक्की. शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने हा गट 2012 साली आणला, तो ज्यांना अवजड अंग नको त्यांच्यासाठी. इथे सात पोझ नाहीत. बोर्ड शॉर्ट्समध्ये समोरून, पाठीमागून आणि बाजूंनी उभं राहायचं, बस. एक हात कंबरेवर, दुसरा बाजूला, बोटं मोकळी, मुठी नाहीत. लॅट्स उघडलेल्या हव्यात पण खांदे उचललेले नकोत. बाजूने उभं राहताना धड पंचांकडे थोडं वळवा. मोस्ट मस्क्युलर (सगळं अंग आवळून दाखवायची पोझ) मारलीत तर टाळ्या मिळतील, गुण जातील. आणि हसा. पण ते हसू पहिल्या पावलापासून असावं, पंचांसमोर आल्यावर दिवा लावल्यासारखं नको.

प्रश्न : वुमेन्स फिजिक या महिलांच्या गटात मुठी वळायच्या की नाही? – एक वाचक, ठाणे

नाही. बायसेप्सच्या पोझमध्येही पंजे उघडे आणि बोटं लयीत. पाय अनवाणी. हील्स बिकिनी गटात असतात. तुमचा गट तोच असेल तर किमान सहा आठवडे स्पर्धेच्याच हील्सवर सराव करा. उंची बदलली की कंबरेचा बाकही बदलतो.

प्रश्न : 60 सेकंदांच्या फ्री पोझिंगमध्ये (गाण्यावर आपल्या पसंतीच्या पोझ) किती पोझ बसवू? व्हॅक्यूम घ्यावा का? – एक वाचक, मडगाव

दहा ते बारा. एकेक 3-4 सेकंद, बाकीचा वेळ एका पोझमधून दुसरीत जाण्याचा, आणि कसब त्यातच दिसतं. सगळ्यात भारी पोझ दोन ठेवा : एक सुरुवातीला, एक शेवटी. मधे एकदा एका गुडघ्यावर बसलात तर उंचीत बदल मिळतो. कमकुवत बाजू सक्तीच्या पोझमध्ये दाखवावीच लागते, इथे ती स्वतःहून कशाला दाखवता? गाणं दोन ठिकाणी ठेवा, पेनड्राइव्हमध्ये आणि मित्राच्या मोबाइलवर.

व्हॅक्यूम म्हणजे सगळा श्वास सोडून पोट पाठीकडे खेचणं. 1977 ते 1979 अशी तीन वर्षं सलग मिस्टर ऑलिंपिया हा व्यावसायिक शरीरसौष्ठवातला सर्वोच्च किताब जिंकलेल्या फ्रँक झेनची ती ओळख होती. आधी हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन, मग बसून आणि सर्वात शेवटी उभ्याने शिका. सकाळी रिकाम्या पोटी, 10-15 सेकंदांच्या पाच फेऱ्या. उभ्याने 15 सेकंद जमत नसेल तर मंचावर नकोच. अर्धवट व्हॅक्यूम पोट दुखल्यासारखा दिसतो.

प्रश्न : टॅनवर (अंगाला लावलेल्या गडद रंगावर) तेल किती लावायचं? – एक वाचक, सोलापूर

दिसेल न दिसेल इतकं. जास्त तेल दिव्याखाली चकाकतं, त्या चकाकीत कट्स (स्नायूंमधल्या रेषा) बुडतात आणि टॅनचे ओघळही येतात. पाठीला दुसऱ्याकडून लावून घ्या, नाहीतर मधली पट्टी कोरडी राहते. हे सगळं झाल्यावर कोरड्या फडक्याने तळवे आणि चवडे पुसून मगच पायरी चढा. तेलकट चवड्यावर एकही साइड पोझ उभी राहत नाही.