लेहच्या मुक्कामाला कात्री नको

प्रश्न : बेळगाव-खानापूर भागातील आम्ही चौघे मित्र ऑगस्टमध्ये लडाखमधील कांग यात्से-2 (सुमारे 6,250 मीटर) या शिखरावर जाणार आहोत. रेल्वेने दिल्ली, तेथून विमानाने लेह, लेहमध्ये तीन रात्री आणि मग मार्खा खोऱ्यातून पायी निमालिंग (शिखराच्या पायथ्याजवळचा मुक्काम) असा बेत होता. आता एकाची रजा चार दिवसांनी कमी झाली आहे. सर्वांनीच लेहमध्ये एकच रात्र राहावे, की त्याने मागाहून शांग सुमदोमार्गे येऊन आम्हाला निमालिंगला गाठावे? की मनालीजवळचे फ्रेंडशिप शिखर निवडावे? दर रविवारी राजहंसगड चढत असल्यामुळे दमाची चिंता नाही. — एक वाचक, खानापूर

उत्तर : दम आणि विरळ हवेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे आणि लेह 3,500 मीटरवर. विमानातून उतरताच तुमच्या शरीराला हा फरक एका दिवसात सोसावा लागतो. उलट, दमदार माणूस भरभर चढतो आणि म्हणूनच पुष्कळदा आधी आजारी पडतो. 3,000 मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा सर्वमान्य नियम आहे. लेहमधल्या तीन रात्री त्यासाठीच आहेत. त्यांना हात लावू नका. डायमॉक्सच्या गोळीने श्वसन वाढते आणि शरीर लवकर जुळवून घेते, पण ती दिवसांची भरपाई करत नाही. शिवाय सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये.

मागाहून येण्याची कल्पना मला सर्वांत धोक्याची वाटते. शांग सुमदोपर्यंत गाडी जाते, तिथून 5,200 मीटरच्या आसपासची कोंगमारू खिंड ओलांडून दोन दिवसांत निमालिंगला, म्हणजे सुमारे 4,800 मीटरवर पोहोचता येते, आणि हे अंतर थोडे आहे हाच यातला मोह आहे. तिघे आठवडाभर सवय झालेले आणि चौथा नवखा, अशा एकाच दोरीने बांधलेल्या गटात चौथा डोकेदुखी लपवतो. तो चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर वाट न पाहता त्याला खाली आणावेच लागेल, आणि मग शिखर चौघांचेही हुकते.

फ्रेंडशिप (5,289 मीटर) कमी उंचीचे आहे, आणि मनाली सुमारे 2,000 मीटरवर असल्यामुळे टप्पे छोटे पडतात. मात्र लडाख पर्जन्यछायेत आहे, मनाली नाही. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात वाढलेल्यांना ऑगस्टमधले ओले डोंगर नवे नसले, तरी तिथे बर्फाच्या उतारावर क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी दाते) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) घेऊन चढायचे असते. त्यामुळे फ्रेंडशिपला जायचे तर मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात जा.

ऑगस्टच हवा असेल, तर कात्री रेल्वेला लावा. गोवा एक्सप्रेसने दिल्ली गाठण्यात दोन रात्री जातात. दोन्ही बाजूंनी विमान घेतल्यास दोनएक दिवस वाचतील. उरलेल्या दोन दिवसांची रजा वरिष्ठांकडे मागून पाहावी. ती न मिळाल्यास चौघांनीही कांग यात्से पुढच्या हंगामावर ढकलावे. आगाऊ भरलेल्या रकमेपैकी किती परत मिळेल, ते आताच लेखी विचारून ठेवा.