‘शायॅन’ हे नाव कुणी ठेवलं?

प्रश्न आहे : अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीचं नाव मराठीत ‘चेयेन्ने’ असं वाचलं, ते बरोबर का? आणि ते फ्रेंचमधल्या कुत्र्याच्या शब्दावरून पडलं, हे खरं का?

उच्चार ‘शायॅन’. ‘चेयेन्ने’ हे रोमन अक्षरं पाहून केलेलं लेखन आहे. आपल्याकडे ‘ॅ’ असताना ते का चालवून घ्यायचं?

कुत्र्याची व्युत्पत्ती चुकीची. फ्रेंच शब्दाशी नाद जुळतो, शिवाय या लोकांत ‘श्वान-पुरुष’ नावाचं लढवय्यांचं नामांकित मंडळ होतं, म्हणून ती रुजली असावी. खरा शब्द त्यांच्या शेजाऱ्यांचा, डाकोटांचा : ‘शहियेना’. ‘शहिया’ म्हणजे क्री ही दुसरी मूलनिवासी जमात किंवा त्यांच्यासारखे लोक, ‘ना’ हा लघुत्वाचा प्रत्यय. काही जण ‘तांबडं बोलणारे’, म्हणजे न कळणारं बोलणारे, असा अर्थ लावतात. आपला ‘म्लेच्छ’ आठवावा. मला पहिला अर्थ पटतो, कारण शायॅन आणि क्री दोन्ही भाषा अल्गॉन्कियन कुळातल्या. डाकोटाचं कूळ वेगळं.

हे लोक स्वतःला ‘त्सित्सिस्तास’ म्हणतात. शब्दाच्या शेवटचा स्वर ते कुजबुजल्यासारखा उच्चारतात, त्यामुळे परक्याच्या कानाला तो निसटतो.

परक्यांनी दिलेल्या नावातही त्यांची वाटचाल मात्र टिकून आहे. मिनेसोटाकडून पश्चिमेला सरकताना ते नॉर्थ डाकोटात मातीच्या घरांत राहून मका पिकवत. तिथल्या नदीला त्यांचंच नाव आहे. पुढे घोडा मिळाला, शेती मागे पडली, आणि बायसनच्या कळपांमागे कातड्याचे तंबू घेऊन ते माळावर फिरू लागले. साउथ डाकोटातली एक नदी आणि वायोमिंगची राजधानी, दोन्हींना हेच नाव.

भाषांतर करणाऱ्यांना आणखी एक विनंती : यांच्या प्रमुखांना ‘राजा’ म्हणू नका. कारभार 44 प्रमुखांच्या सभेकडे असे. 1878 मध्ये आजच्या ओक्लाहोमातल्या आरक्षित मुलखातून आपल्या माणसांना घेऊन उत्तरेकडे, मायदेशी निघालेल्या दोघा नेत्यांपैकी एक इतिहासात ‘बोथट सुरी’ या नावाने ओळखला जातो. तेही नाव परक्यांनी, डाकोटांचे भाऊबंद असलेल्या लाकोटांनी, ठेवलेलं. त्याचे स्वतःचे लोक त्याला ‘पहाटेचा तारा’ म्हणत.