जुन्या घरावर मजला चढवताना परवानगी: नकाशा काढण्याआधी हद्द आणि पाया बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तळमजल्याचं जुनं घर आहे, वर एक मजला चढवायचाय आणि खालचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला वाढवायचंय. कंत्राटदार म्हणतो, "काम सुरू करू, परवानगी मागाहून होईल." मागे एक खोली पूर्वी परवानगीशिवाय बांधलेली आहे, ती नकाशात दाखवावी का, हेही तुम्ही विचारलंय.

घरांचे नकाशे मंजुरीला लावण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. परवानगी हातात पडेपर्यंत कुदळ लावू नका, हे सगळ्यात आधी. शहर कुठलंही असो, फायली रखडण्याचं मोठं कारण मला एकच दिसतं: जागेवर आहे एक आणि कागदावर दाखवलंय दुसरं. म्हणून नकाशा काढायला देण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, तुमच्या जागेची हद्द आणि घराचा पाया.

हद्दीचं आधी. कुंपणाची भिंत म्हणजे हद्द, असं सगळे धरून चालतात. पण ती भिंत कुणीतरी कधीतरी अंदाजाने घातलेली असते. अधिकृत मोजणी करून घ्या आणि कोपऱ्यांच्या खुणा पक्क्या करा. पुढे, बाजूला आणि मागे जे अंतर मोकळं सोडावं लागतं ते कायदेशीर हद्दीपासून मोजतात. तिथे वीतभर फरक पडला तरी पूर्ण नकाशा बदलावा लागतो. याच वेळी आणखी तीन गोष्टी विचारून ठेवा: समोरचा रस्ता रुंद होणार आहे का, डोक्यावरून विजेची तार जाते का, आणि मागच्या बाजूने सांडपाण्याची नळी कुठून जाते. तुमचं स्वयंपाकघर नेमकं मागेच सरकणार आहे. तिथे खाली चेंबर असेल तर त्यावर बांधू देत नाहीत, कारण नळी तुंबली की ती उघडायला जागाच उरत नाही.

मजला चढवताना सगळ्यात जास्त नकाशे जिन्यावर अडकलेले मी पाहिलेत. घरात जिन्याला जागा नाही म्हणून तो बाहेरून बाजूच्या मोकळ्या अंतरात काढतात, आणि तेच अंतर आगीच्या वेळी बंब, शिडी आणि माणसं आत येण्यासाठी राखलेलं असतं. जिन्याला किती जागा लागते ते आधीच मोजा. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर साधारण १८ पायऱ्या होतात, प्रत्येकी १६–१७ सेंटिमीटर उंचीच्या. मध्ये वळण घेऊन परत येणारा जिना केला तरी सुमारे २ मीटर रुंद आणि ३ ते साडेतीन मीटर लांब जागा जाते. ती घरातून द्यायची तर तळमजल्याची एखादी छोटी खोली गेली असं समजा. हा निर्णय मंजुरीला जाण्याआधी घरात बसून घ्यायचा आहे.

आता पाया. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माणसं इथे जीव धोक्यात घालतात. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २,५०० किलो असतं. १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३०० किलोच्या वर. फरशी आणि गिलावा धरला तर ४०० किलोच्या आसपास. म्हणजे ८० चौरस मीटरच्या मजल्याला नुसता स्लॅब-फरशीचाच भार ३० टनांच्या पुढे जातो. नऊ इंची विटांची ३ मीटर उंच भिंत धावत्या मीटरला सुमारे १,३०० किलो भरते, ती वेगळी. माणसं आणि सामानासाठी चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात, ते आणखी वेगळं. हे सगळं ज्या पायावर येणार, तो फक्त तळमजल्यासाठी घातला होता की वर मजला चढेल असं धरून, हे आज कुणालाही नुसतं बघून सांगता येत नाही. "तेव्हा सळई जास्तच घातली होती" हे वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकलंय. त्यावर मजला चढवू नका.

स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि त्यांना हे प्रत्यक्ष करायला सांगा: दोन-तीन ठिकाणी पायालगत खड्डा खणून पाया किती खोल आहे, किती रुंद आहे आणि खाली मुरूम आहे की काळी माती, ते बघणं. कॉलममधली सळई यंत्राने शोधणं. काँक्रीटची ताकद तपासणं. त्यासाठीचा खास हॅमर काँक्रीटवर मारून जो आकडा येतो तो पृष्ठभागाच्या कठीणपणाचा असतो; शंका असेल तर काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेत दाबून बघावा लागतो. कॉलम नसतील, घर भिंतींवरच उभं असेल, तर खालची एकही भिंत त्यांना विचारल्याशिवाय काढायची नाही. स्वयंपाकघर वाढवताना मधली भिंत पाडायचा मोह होणारच, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पाया कमी पडला म्हणजे बेत बारगळलाच असं नाही. भिंतींना विटांऐवजी एएसी ब्लॉक (आत हवेच्या बारीक पोकळ्या असलेले हलके ब्लॉक) वापरले तर त्यांचं वजन विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. वर स्लॅबऐवजी हलकं छत घेता येतं, किंवा पाया आणि कॉलम मजबूत करून घेता येतात. पण यातलं काय करायचं ते ठरल्यावरच नकाशा काढायचा. नाहीतर मंजुरी एका घराला मिळते आणि बांधलं जातं दुसरंच.

नकाशात जुनं बांधकाम, पाडायचा भाग आणि नवं बांधकाम वेगवेगळ्या रंगांत स्पष्ट दाखवा. दाखल करण्याआधी एक संध्याकाळ काढून आकडे स्वतः जुळवा: आराखड्यातली लांबी, छेदातली (घर उभं कापून दाखवलेल्या चित्रातली) उंची आणि क्षेत्रफळाचा तक्ता. त्रुटींचं पत्र आलं तर घाबरू नका. त्यातल्या क्रमांकांप्रमाणेच एकेका मुद्द्याचं लेखी उत्तर द्या आणि दुरुस्ती कुठल्या पानावर केली तेही लिहा. अर्धवट उत्तर दिलं की फाइल नव्याने रांगेत लागते. तोंडी "होऊन जाईल" यावर अवलंबून राहू नका, पोच घ्या.

तुमच्या कंत्राटदाराबद्दल मला खरी काळजी वाटते. काम थांबवण्याची नोटीस येते ती मालकाला, आणि अर्धवट बांधकाम पावसात उघडं पडतं तेही मालकाचंच. त्याहून वाईट म्हणजे तपासणीची वेळ निघून जाते. पायाची सळई काँक्रीट पडण्याआधी, स्लॅबची सळई स्लॅब भरण्याआधी, वायरिंग आणि नळ गिलाव्याआधी बघायचे असतात. एकदा झाकलं की ते कुणालाच दिसत नाही. करारात लिहून घ्या: मंजुरीचं पत्र आल्यावरच काम सुरू होईल, या टप्प्यांवर तपासणी होईपर्यंत पुढचं काम होणार नाही, आणि पैसेही याच टप्प्यांप्रमाणे दिले जातील. प्रत्येक टप्प्यावर टेप लावून फोटो काढा. एवढं ऐकून जो कंत्राटदार सोडून जाईल, त्याला जाऊ द्या.

काम चालू असताना खिडकी सरकवावीशी वाटेल, बाल्कनी वाढवावीशी वाटेल. आधी सुधारित नकाशा, मग बदल. परवानगीला मुदत असते, ती संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा. आणि काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे झालं आणि घर वापरायला हरकत नाही असा दाखला, घ्याच. ते नसेल तर पुढे घर विकताना किंवा त्यावर कर्ज घेताना अडतं, आणि तोवर नकाशा काढणारे, सही करणारे कुणी हाताशी असतीलच असं नाही.

राहिली मागची खोली. ती दाखवा. तपासणीला येणारा माणूस ती बघणारच आहे, आणि नकाशात नसलेली खोली जागेवर दिसली की तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही संशय येतो. मोजणी झाली की ती मागच्या मोकळ्या अंतरात येते का ते कळेल. येत नसेल तर नव्या कामाबरोबरच ती नियमित करून घेण्याचा अर्ज द्या. त्यासाठी खोली जागेवर आहे तशी दाखवणारा नकाशा लागेल, दंड भरावा लागू शकतो, आणि पाया बघण्यासाठी तिथेही खड्डा खणावा लागेल. ती अंतरात येत असेल तर तेवढा भाग पाडायचा म्हणून नकाशात दाखवा आणि वाढीव स्वयंपाकघर उरलेल्या जागेत बसवा. मोजणीचा नकाशा आणि इंजिनिअरचा अहवाल हातात आला की मापं इथे टाका, जिना कुठे बसतो ते मी बघून सांगतो.