तर्रीसोबत वाईन जमते का जी?

मागच्या अंकात वाईनबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रं येऊनच राहिली आहेत, अन् गंमत म्हणजे सगळ्यांचा प्रश्न एकच, आपलं जेवण एवढं झणझणीत, त्यात ही परदेशची सून नांदणार कशी? काही पत्रांची उत्तरं इथं देते.

जावई नाशिकहून रेड वाईनची बाटली घेऊन आले. मोबाईलवर लिहिलं होतं मटणासोबत रेड, म्हणून आम्ही सावजी मसाल्याचं मटण केलं, वर बोटभर तर्री. एक घोट घेतला अन् तोंडाची आगच झाली बाप्पा. जावई म्हणतात बाटली महागाची आहे. मंग चूक कोणाची, बाटलीची का मटणाची? (एक वाचक, अकोट तालुका)

दोघांचीही नाही भाऊ. ज्यानं कोणी "मटणासोबत रेड" लिहिलं त्याच्या ताटातलं मटण भाजलेलं होतं, वर मीठ अन् मिरं, बस. तिथं रेडचा तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात अन् जो द्राक्षाच्या सालीतून-बियांतून येतो, तो मांसाच्या प्रोटीनला जाऊन धरतो अन् घोट मऊ लागतो. आपल्याकडे मटण राहतं तळाशी अन् वर राज्य मिरचीचं, खसखशीचं, दगडफुलाचं. मिरचीचा तिखटपणा अन् अल्कोहोल हे दोघं तोंडातली एकच आगीची घंटी वाजवतात, त्यात 14 टक्के अल्कोहोलची शिराज (रेडचीच एक जात) म्हणजे चुलीत रॉकेल.

पटत नसेल तर बाटली न उघडता करून पाहा. एक मिरचीभजं खा अन् वरून बिनसाखरेचा कडक कोरा चहा प्या, गार झालेला. जीभ खरखरते अन् तिखट चढतं. थोडं थांबा, दुसरं भजं खा अन् आता त्याच गार चहात दोन चमचे साखर टाकून प्या. फरक लगेच कळते. तो कोरा चहा म्हणजे तुमच्या जावयाची रेड, अन् साखरवाला म्हणजे जराशी गोडसर व्हाईट.

म्हणून मी तर भांड्यात मटण आहे का वांगं आहे ते पाहतच नाही, तर्री किती आहे तेवढं पाहते. तर्री जास्त असली की चेनिन ब्लांक नावाची व्हाईट घ्यायची, गोडसर अन् चांगली थंड, नाहीतर रोझे, म्हणजे गुलाबी वाईन. दोन्ही नाशिकच्या मिळतात. लेबलवर "ड्राय" लिहिलं असेल तर ती गोड नाही, साखर उरलेली नाही असा त्याचा अर्थ. "ऑफ ड्राय" किंवा "सेमी स्वीट" दिसलं की उचला.

अन् जावयाच्या बाटलीचा राग करू नका. थंडीत काट्याकुट्यांवर वांगे भाजून भरीत कराल, मिरची हात राखून टाका, त्या धुराच्या वासाशी शिराज अशी जमते की मटण आठवणार नाही. फक्त बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. रेड "रूम टेंपरेचर"ला प्यावी म्हणतात ते खरं, पण ती रूम युरोपातली, 16 ते 18 डिग्रीची. आपल्या अकोल्याची मे महिन्यातली रूम कशी असते ते तुम्हाला काय सांगू.

पाहुणे आले की संध्याकाळी आलूबोंडे, सांबारवडी, शेंगदाणे असं ठेवतो. वाईनसोबत चीज लागते म्हणतात, आमच्या गावात चौकोनी क्यूबच भेटते. अन् लाईट गेली की फ्रिज बंद, मग काय करावं? (एक ताई, साकोली तालुका)

ताई, चीजचं काम काय, तर चरबी अन् खारटपणा. तळलेलं अन् खारं आपल्याकडे कमी आहे का? आलूबोंड्यावर आपण लिंबू कायले पिळतो, तेल कापायले. आंबटसर थंड व्हाईट तेच काम करते. खारे शेंगदाणे तर कशासोबतही चालतात, त्यांचं टेन्शन नाही.

सांबारवडीसाठी मात्र मी हट्टानं सोविन्यों ब्लांक नावाची व्हाईटच सांगीन. (पुण्याकडच्या वाचकांनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीवालं नाही.) या वाईनला स्वतःचाच एक हिरवा वास असतो, कापलेल्या गवतासारखा, अन् वडीचं कव्हर मोडलं की आतून जो सांबाराचा वास येतो ना, तो अन् हा, दोघं सख्खे भाऊ वाटतात. वडीसोबत तर्री वाढणार असाल तर परत गोडसरवर या. अन् मिरचीभज्यांसोबत फेसवाली नको, बुडबुडे तिखटाला अजून टोचतात.

तुमच्याकडे तलावाचे झिंगे अन् रोहू मिळतात, त्यासोबतही व्हाईटच. रेडमध्ये लोहाचा अंश असतो, त्यानं मासोळीचा उग्र वास तोंडात मागाहून वर येते. मी एकदा केलं होतं, परत नाही.

लाईटचं सोपं आहे. बादलीत बर्फ, बर्फाएवढंच पाणी अन् मूठभर मीठ, त्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवून वीसेक मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फात ठेवू नका, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, पाणी मात्र बाटलीला सगळीकडून लागते.

दुपारच्या साध्या जेवणात वाईन जमते का? आमचं रोजचं म्हणजे बेसन-भाकर, डाळभाजी, कधी कढीगोळे. (एक वाचक, दारव्हा तालुका)

दुपारून वावरात जायचं असेल तर नाही जी, सरळ सांगते. उन्हाळ्यात तर विचारच सोडा, ताक प्या. रविवारी थंडीत, कुठं गाडी चालवायची नसेल तर एक ग्लास, म्हणजे दीडशे मिली, 750 च्या बाटलीत असे पाचच होतात.

डाळभाजी सगळ्यात समजदार. तूरडाळ, पालक, शेंगदाणे, कशाशीच भांडण नाही, साधी चेनिन चालते. बेसन-भाकरीला रोझे, पण ताटातला ठेचा बाजूला सरकवा नाहीतर परत अकोटवाल्या भाऊंसारखं होईल. कढीगोळ्यांचं जरा अवघड आहे, कारण ताटातलं वाईनपेक्षा आंबट असलं की वाईन पाण्यासारखी लागते. कढी गोड ताकाची करा अन् सोविन्यों ब्लांक घ्या. पुरणपोळीसोबत काय म्हणून तिघांनी विचारलं आहे. तूप अन् दूध. वाईन गोडापेक्षा गोड असावी लागते, नाहीतर ती आंबट लागते, अन् पुरणापेक्षा गोड वाईन मले तरी पचत नाही.

पोराकडे नागपूरला गेलो की एखादा ग्लास घेतो. येताना वर्ध्याला एक बाटली आणली तर चालते का? (एक काका, आर्वी तालुका)

नाही काका. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून, अन् वाईन त्यातून सुटलेली नाही. चंद्रपूरची 2015 ला आली अन् 2021 ला उठली, तुमची नाही उठली. घरी पाटवडीच्या रश्श्यासोबत संत्र्याचा गार रस घ्या, आंबटगोड अन् बिनतुरट, वर सांगितलेलं सगळं त्याला लागू होते.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते? (खूप जण)

बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, रेडसुद्धा फ्रिजमध्येच. आमच्या घरी एक अर्धी बाटली फडताळात राहून गेली, दोन-अडीच महिन्यांनी उघडली तर निव्वळ शिरका झालेला. घरचे फेकायला निघाले होते, मी त्यात मीठ-साखर टाकून कांद्याच्या चकत्या बुडवल्या, गुलाबी झाल्या एका रात्रीत, अन् भाकरीसोबत दोन दिवसात संपल्या.